मुंगी घाटातली एक रात्र

नातेपुते हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते आषाढात. ज्ञानोबारायांची पालखी फलटण, बरड करीत धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. त्या एका रात्री गावात माणूस मावत नाही. दुसऱ्या दिवशी पालखी माळशिरसच्या वाटेला लागते आणि गाव पुन्हा आपल्या बाजाराला, उसाला आणि एस. टी. स्टँडवरच्या चहाला लागते. पण पालखीबरोबर पूर्वेकडे चालणाऱ्या त्या लाखो डोळ्यांपैकी फार थोडे डोळे उजव्या हाताला वळतात. वळले, तर दक्षिणेला आभाळाच्या कडेशी एक लांबच लांब डोंगराची भिंत दिसते. तिच्या माथ्यावर शिखर शिंगणापूर. महाराष्ट्रातल्या असंख्य घराण्यांचे कुलदैवत असलेला शंभू महादेव तिथे बसला आहे.

सडकेने जायचे तर नातेपुत्याहून शिंगणापूर अवघे वीसेक किलोमीटर. मोटार थेट पायऱ्यांपाशी नेते. परंतु त्या भिंतीला सरळ छातीवर घेणारी एक दुसरी वाट आहे, कोथळे गावाजवळून चढणारी. तिचे नाव मुंगी घाट. कोणी म्हणतात, खालून पाहिले तर चढणारी माणसे मुंग्यांसारखी दिसतात म्हणून हे नाव. कोणी म्हणतात, मुंगीसारखे सहा पाय असल्याशिवाय माणसाने तिथे जाऊ नये म्हणून! चढून आल्यावर मला दोन्ही मते सारखीच पटली.

या वाटेने दरवर्षी चैत्र शुद्ध द्वादशीला कावडी चढतात. त्यांतली सर्वांत मानाची कावड सासवडची, भुतोजी तेल्यांची. लोक तिला आपुलकीने तेल्या भुत्याची कावड म्हणतात. पुरंदर तालुक्यातून नदीचे पाणी घेऊन, मजल दरमजल करीत, पायी निघालेल्या या कावडी घाटाच्या तळाशी येतात आणि मग माणसांची साखळी करून, एकमेकांच्या खांद्यांना खांदे देऊन वर नेल्या जातात. ते पाहायचे, आणि पाहण्यासाठी आदल्या रात्रीच, एकादशीच्या चांदण्यात, त्याच वाटेने चढून डोंगरावर मुक्काम करायचा, असा आमचा बेत होता.

मंडळी आणि बोजा

आम्ही चौघे. सर्वांत वडील गुरुजी. नातेपुत्याच्या आसपासच्या शाळांत छत्तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. वर्गाच्या खिडकीतून हा डोंगर पोरांना दाखवीत त्यांची नोकरी संपली; पण मुंगी घाट पायांखाली घालायचा राहून गेला होता. आता गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेली. ‘पुढच्या चैत्रात मी कुठं चढणार? जायचं तर यंदाच,’ एवढे बोलून त्यांनी काठी कोपऱ्यातून काढली होती. दुसरे आमचे कंपाउंडर. खरे म्हणजे त्यांचे स्वतःचे औषधांचे दुकान आहे, पण तरुणपणी दवाखान्यात काम केले म्हणून गावाने दिलेली पदवी कायम आहे. तिसरा पैलवान, कालव्याच्या भिजाखाली ऊस करणारा, एका दमात दोन माणसांचे ओझे उचलणारा. चौथा मी. वाट दाखवायला डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरचे एक धनगर मामा. त्यांची मेंढरे आणि त्यांचे आयुष्य याच उतारावर चरले आहे.

पाठपिशव्या भरताना वाद झाला तो पाण्यावरून. गुरुजींचा हिशेब असा की, चैत्रातल्या चढाला माणशी दोन लिटर किमान हवेच. पैलवान म्हणाला, ‘वर गावच आहे की. पाणी काय वाहायचं?’ शेवटी गुरुजींचे ऐकले गेले. चौघांत मिळून आठ लिटर. बाकी एक विजेरी प्रत्येकी, एक जाड दोर, दोन घोंगड्या, कंपाउंडरांची डबी. खायला एकादशीचे म्हणून शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या, खजूर. पैलवान एकादशी करीत नाही. त्याने चार बाजरीच्या भाकऱ्या आणि चटणी आपल्या जबाबदारीवर घेतली होती. मामांच्या हाती फक्त काठी होती.

डोंगर कसा झाला

साडेपाचला आम्ही पायथा सोडला. ऊन अजून उतरायचे होते. पहिला टप्पा नुसत्या माळाचा. बाभळी, बोरी, निवडुंग, कुठे घायपाताची रांग, आणि पायजम्याच्या पायाला चिकटून थेट मांडीपर्यंत प्रवास करणारे कुसळी गवत. मग चढ सुरू झाला. वाट थोडी मुरमाड उतारावरून जाई, मग एकदम काळ्या कातळाची भिंत समोर उभी राही. तिच्यातून खाच शोधून वर गेले की पुन्हा मुरूम, पुन्हा भिंत.

‘जिना आहे हा,’ गुरुजी थांबून म्हणाले. थांबण्यासाठी त्यांना भूगोलाचे निमित्त हवे असे, आणि आम्हाला गुरुजींचे. ‘साडेसहा कोटी वर्षांच्या मागे-पुढे इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हारस आला. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. थरावर थर. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ झिजतो, त्याचा उतार होतो. टणक झिजत नाही, त्याची भिंत उभी राहते. सह्याद्रीतले सगळे किल्ले या एका गोष्टीवर बांधले गेले. शत्रूला अडवायला राजांनी तट घातले, पण अर्धे काम लाव्ह्याने आधीच केले होते.’

दुसरी गोष्ट त्यांनी मध्यावर सांगितली आणि ती माझ्या मनातून गेली नाही. हा डोंगर पाण्याचा वाटणीदार आहे. उत्तर बाजूला पडलेला थेंब नीरेला जातो, दक्षिण बाजूला पडलेला माणगंगेला. नीरा नरसिंगपूरला भीमेत शिरते; माण पंढरपूरच्या खाली जाऊन भीमेलाच मिळते. एका माथ्यावर वेगळे झालेले दोन थेंब पंढरीला वळसा घालून पुन्हा एकाच पात्रात येतात. मात्र वाटणी करणाऱ्याच्या हाती स्वतःला काही उरत नाही, हा घराघरांतला अनुभव डोंगरालाही चुकलेला नाही. सह्याद्रीने पश्चिमेचे ढग आधीच पिळून घेतलेले असतात. इकडे वर्षाला वीस इंचांच्या आसपास पाऊस, तोही लहरी. वळून पाहिले तर खाली उत्तरेला नीरेच्या उजव्या कालव्याचा हिरवा पट्टा, उसाचे चौकोन. आणि आमच्या पायांखाली गवताची काडीही वाळलेली. दोहोंमध्ये अंतर किती? दोन-अडीच कोस.

पावणेसातला सूर्य मावळला. चंद्र केव्हाच डोक्याच्या दिशेने निघाला होता. शुद्ध एकादशीचा चंद्र दुपारीच उगवतो आणि पहाटे तीनच्या सुमारास मावळतो. रात्रीच्या चढाला असा सोबती दुसरा नाही. कातळ दिवसभर तापला होता. हात ठेवला की भाकरीच्या तव्याची आठवण होई. एका भिंतीपाशी मामा पुढे जाऊन वरून दोर सोडीत, पैलवान खालून गुरुजींच्या पायाला तळहाताची पायरी देई. गुरुजी एक अवाक्षर न बोलता चढत. नऊच्या सुमारास आम्ही घाटाच्या तीन हिस्स्यांपैकी दोन चढलो होतो. आठांतले तीन लिटर पाणी संपले होते. पाच उरले होते. हा आकडा मी मुद्दाम सांगून ठेवतो.

कपारीतले सात जण

वरच्या भिंतीखाली एक रुंद कपार आहे. दहा-पंधरा माणसे टेकतील एवढी. तिथे आधीच कोणी तरी होते. विजेरीच्या उजेडात प्रथम दिसल्या त्या दोन तांब्याच्या कळशा, लाल फडक्याने तोंडे बांधलेल्या, वेळूच्या दोन टोकांना लटकलेल्या; आणि तो वेळू दोन माणसांच्या खांद्यांवर. माणसे उभी होती. चालत नव्हती, नुसती उभी होती.

नीराकाठच्या एका गावची ही लहानशी कावड. सात जण. त्यांचे म्होरके आबा, साठीचे, पांढऱ्या मिशांचे. द्वादशीच्या गर्दीत लहान कावडीला वाट मिळत नाही, म्हणून ते आदल्या संध्याकाळीच माथा गाठणार होते. पिण्याच्या पाण्याचा ड्रम आणि सामान टेंपोतून सडकेने पुढे गेले होते. पण कपारीत आल्यावर त्यांचा एक पोरगा खाली बसला तो उठेना.

पोरगा सतरा-अठरांचा, आबांच्या धाकट्या भावाचा. बापाच्या आजारपणात त्याने बोल केला होता की, एकादशीला निघून कावड माथ्याला लागेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. सकाळपासून उन्हात चालला होता. आता त्याच्या पोटऱ्यांत आणि पोटात गोळे येत होते, कातडी चिकट होती, आणि तो अर्धवट बरळत होता.

कंपाउंडरांनी नाडी पाहिली आणि उठून आम्हाला बाजूला घेतले. ‘ऊन लागलंय. अंगातलं पाणी आणि मीठ, दोन्ही गेलंय. घोट घोट पाजत राहिलं तर तासा-दोन तासांत माणसात येईल. नाही पाजलं, तर सकाळचं मी सांगू शकत नाही.’

मी फोन काढला. कपारीला डोंगराची सोंड आडवी आली होती, फोन मुका. अंधारात त्याला दोराने वर किंवा खाली नेणे म्हणजे दुसरा अपघात मागवून घेणे होते. म्हणजे रात्र इथेच.

कंपाउंडरांच्या डबीत साखर-मिठाच्या पुड्या होत्या. नसत्या तरी कृती अवघड नाही. प्रत्येक घरात ठाऊक असावी म्हणून लिहितो. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे सपाट साखर आणि अर्धा चमचा सपाट मीठ. 1971 मध्ये बांगलादेशाच्या युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे किड्यामुंगीसारखी मरत होती, शिरेतून द्यायचे सलाइन संपले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातांनीच रोग्यांना पाजायला लावले आणि हजारो जीव वाचवले. साखरेच्या पाठीवर बसून मीठ आतड्यातून आत जाते आणि मिठामागून पाणी जाते, एवढेच त्यातले शास्त्र. पण शास्त्राला पोटात जायला रोग्याचे तोंड उघडावे लागते, आणि आमच्या रोग्याने दात घट्ट मिटले होते.

‘नको,’ तो म्हणाला. ‘माथा लागू द्या.’

कंपाउंडर रागावले. पैलवानाने चुचकारले. पोरगा मान हलवीत राहिला. शेवटी आबांनी आपला खांदा दुसऱ्याला दिला, त्याच्यापाशी येऊन बसले आणि त्याची हनुवटी धरून म्हणाले, ‘पोरा, बोल तू केलास, पण कावड माझ्या नावानं निघालीया. तुझा उपास माझ्या डोक्यावर. मोडला तर पाप मला लागंल. घे.’

त्याने घेतले. पहिला घोट बाहेर आला. दुसरा राहिला.

पाण्याचा हिशेब

आता आमचा हिशेब पाहा. आम्ही पाच, ते सात. मिळून बारा माणसे. त्यांतले सहा जण सकाळपासून फारसे पाणी न प्यालेले. पाणी पाच लिटर. त्यांतले किमान दोन पोराचे, ते वेगळे काढले. उरलेल्या तीनांतून प्रत्येकाला एकेक फुलपात्र दिले आणि बाटल्या हलक्या झाल्या. आणि आमच्यापासून चार हातांवर, दोन कळशांत मिळून वीसेक लिटर नीरेचे थंड पाणी झुलत होते.

कोणीही तिकडे पाहत नव्हते. म्हणजे सगळेच पाहत होते.

ही कावड म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगितले पाहिजे. देशावर नदीकाठच्या माणसाने नदी उचलून डोंगरावर न्यायची, ज्याच्याजवळ पाणी नाही त्या देवाला न्हाऊ घालायचे, हा तिचा अर्थ. उत्तरेत श्रावणात गंगेच्या कांवडी निघतात. तमिळ देशात फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, पंगुनी उत्तिरमच्या सणाला, कोडुमुडीहून कावेरीचे पाणी कावडीतून पळणीच्या टेकडीवर मुरुगनला नेतात. भाषा वेगळी, देव वेगळा, वेळू तोच आणि खांद्यावरचा घट्टाही तोच. वाटेत ते पाणी आपले नसते.

आबांच्या गावचा आणखी एक नेम होता. नदीवरून उचललेली कावड माथ्यापर्यंत जमिनीला टेकवायची नाही. म्हणून ते दोघे उभे होते. पोरगा उठेपर्यंत, रात्र संपेपर्यंत, कावड खांद्यावरच राहणार होती. सात जणांतला एक आडवा, एक त्याच्या उशाशी. उरलेले पाच जण आळीपाळीने.

साडेदहाच्या सुमारास मामा उठले. ‘वाडीवर जाऊन पानी आणतो,’ म्हणाले. चढून आलेली भिंत रात्री उतरायची, पुन्हा चढायची! पैलवान सोबत निघाला तर त्यांनी त्याला हातानेच बसवले. ‘तू ऊसवाला गडी. हितं तुजा पाय मला सांभाळाया लागंल.’ काठी घेऊन ते कडेवरून खाली नाहीसे झाले. खडे घरंगळल्याचा आवाज काही वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

अकरा वाजले. साडेअकरा. पोराचे गोळे कमी झाले, पण वेगळे काढलेले दोन्ही लिटर संपत आले होते आणि त्याला अजून हवे होते. बाकीच्यांत एक वयस्क गृहस्थ जीभ ओठांवरून फिरवीत होते. तेव्हा आबांनी आपण होऊन विषय काढला.

‘नाथमहाराजांनी काशीची कावड गाढवाला पाजली,’ ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. ‘ही तर आमची कावड आणि आमचंच पोर. त्यो चंद्र समोरच्या सोंडंला टेकंस्तवर मामाची वाट बघू. न्हाय आला, तर मी फडकं सोडणार.’

‘आबा, नको!’ पोरगा कोपरावर उठला. ‘माझ्यापायी कावड बाटली असं गावात व्हईल.’

‘गावात काय व्हईल ते मी बघतो,’ आबा म्हणाले. आवाज शांत होता, पण हात थरथरत होता. गोष्टीतल्या नाथांचा निर्णय आपण लहानपणी शाळेत एका ओळीत वाचून पुढे जातो. तो निर्णय घ्यायला प्रत्यक्षात एका साठीच्या माणसाला किती वेळ लागतो आणि काय पडते, ते मी त्या कपारीत पाहिले.

त्या वेळी गुरुजी उठले. वेळूखाली उभ्या असलेल्या एका माणसाचे पाय लटपटत होते. गुरुजी त्याच्यापाशी गेले आणि आबांना म्हणाले, ‘परक्या माणसाचा खांदा चालतो का तुमच्या नेमाला?’

‘गुरुजी, तुमचा गुडघा—’ कंपाउंडर म्हणाले.

‘खांद्याचं विचारतोय मी.’

आबांनी क्षणभर पाहिले. ‘उपास आहे?’

‘आहे.’

‘मग चालंल.’

आणि गुरुजी वेळूखाली गेले. छत्तीस वर्षे खिडकीतून ज्याच्याकडे बोट दाखवले त्या डोंगराच्या पोटात, अडुसष्टाव्या वर्षी, नीरा नदी खांद्यावर घेऊन ते उभे राहिले. दहा मिनिटे म्हणता म्हणता पाऊण तास. मग मी. मग कंपाउंडर. पैलवान एकादशी करीत नाही, पण त्या दिवशीच्या भाकऱ्या फडक्यात तशाच होत्या. चढाच्या गडबडीत खायच्या राहिल्या होत्या. ‘म्हंजे मलाबी उपास घडलाच की!’ असे म्हणून त्यानेही मान खाली घातली. आबा त्या रात्री पहिल्यांदा हसले.

दुसरी कावड

चंद्र सोंडेच्या वर हातभर उरला असताना खालून शीळ आली. कडेवर प्रथम एक काठी आली, मग तिच्या दोन टोकांना दोराने बांधलेले दोन पिवळे कॅन, आणि मग काठीखाली मामा. दहा दहा लिटरांचे कॅन. भिंतीपाशी त्यांनी ते एकेक करून दोराने वर ओढून घेतले होते. ना बोलणे, ना धापा. कॅन खाली ठेवले आणि म्हणाले, ‘प्या.’

पोराला प्रथम, मग त्या वयस्क गृहस्थांना, मग सर्वांना. प्यायचे आवाज तेवढे ऐकू येत होते. पाणी किंचित औषधाच्या वासाचे होते. कंपाउंडरांनी विचारले, ‘मामा, विहिरीचं नाही हे?’

‘हिरीला कुठलं पानी चैतात? टँकरचं हाय. सकाळी आला हुता.’

‘आणि घरात?’

‘हाय की घागरभर. उद्या बघू.’

आबा उठले. मामांच्या कॅनमधले पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, कावडीपाशी गेले, एका कळशीचे फडके बोटभर सैल केले आणि ती ओंजळ आत सोडली. फडके पुन्हा बांधले. आम्ही सगळे पाहत होतो. कोणी काही विचारले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच पोराला सांगितले, ‘हे बी नदीचंच हाय. टाकीतनं आलं एवढंच.’

तीनला चंद्र मावळला. मग जे आभाळ उघडले ते वर्णन करण्यासारखे नाही. दक्षिणेला सगळा वृश्चिक नांगी वळवून माथ्यावर आलेला, त्यात ज्येष्ठा निखाऱ्यासारखी तांबडी, आणि आकाशगंगेचा पांढुरका पट्टा. खाली पालखी मार्गावरून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे, नातेपुत्याचा उजेड, पलीकडे फलटणचा. पोरगा झोपला होता, आणि त्याचा श्वास आता सरळ होता. कावडीखाली आळीपाळीने नऊ माणसे उभी राहिली. मामा मात्र घोंगडीवर आडवे झाले ते घोरूच लागले.

माथा

पहाटे पाचला उजाडू लागले. शेवटची भिंत आम्ही मिळून चढलो. कावड एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या खांद्यावर, तिथून वरच्या पकडीत. उद्या-परवा मोठ्या कावडींना जी साखळी लागते तिचीच ही छोटी आवृत्ती. पोरगा दोराला धरून आपल्या पायांनी वर आला. माथ्यावर पाय लागताच सातही जणांनी ‘हर हर महादेव’ केले. ते समोरच्या दरीतून परत आले.

शिंगणापूरचे नाव यादव राजा सिंघणाशी जोडतात. भोसले घराण्याचे हे कुलदैवत. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी यात्रेकरूंचे हाल पाहून इथे तळे बांधले. या डोंगरावर आलेल्या राजाला देऊळ सुचण्याआधी तळे सुचले, यातच या मुलखाची सगळी हकीकत आली. पुढे सातारच्या शाहू महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. गाभाऱ्यात एक नव्हे, दोन लिंगे आहेत. शिव आणि शक्ती अशी भाविकांची समजूत. चैत्र शुद्ध अष्टमीला देवाचे लग्न लागते. तेव्हा थोरल्या देवळाच्या शिखरापासून खालच्या बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत पागोट्याचे लांबच लांब ध्वज बांधतात. आम्ही गेलो तेव्हा ते वाऱ्यावर फडफडत होते.

आबांच्या कळशा गाभाऱ्यात रिकाम्या झाल्या. नीरेचे पाणी आणि त्यात टँकरची ती एक ओंजळ, वेगळे कोणाला करता आले असते? पोराने तीर्थ घेतले आणि आपला बोल फिटला की मोडला हे आबांना विचारले. आबा म्हणाले, ‘देवाला विचार. मला विचारशील तर फिटला.’

दुपारी आम्ही मुंगी घाटाच्या कडेवर जाऊन बसलो. खालून ढोल, हलगी, आणि माणसांचा एक सतत उसळणारा आवाज वर येत होता. कावडी एकामागून एक येत गेल्या आणि शेवटी संध्याकाळी तेल्या भुत्याची कावड दिसली. आमच्या कळशा तिच्यापुढे खेळणी वाटाव्यात एवढी ती थोर. शेकडो माणसे तिला लगडलेली. कधी ती दोन हात वर जाई, कधी एक हात मागे येई. मागे आली की सगळ्या कड्यावरचा श्वास अडके. काल रात्री ज्या कपारीत आम्ही उभे होतो तिथून ती वर सरकली, तेव्हा गुरुजींनी आपला उजवा खांदा नकळत चोळला.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पाऊस सरला असेल आणि डोंगरावर गवत पिवळे पडू लागले असेल. ज्यांना गर्दी नको, चढ मात्र हवा, त्यांनी कार्तिक-मार्गशीर्षात जावे. थंडी बेताची असते, दगड तापत नाही. जवळचे गुप्तलिंगही पाहून यावे. वाडीवरचा वाटाड्या घेतल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. चैत्रात जायचे तर उपास खुशाल करावा, पण पाण्याचा करू नये. आणि माणशी दोन लिटरांचा जो हिशेब आहे, त्यात वाटेत भेटणाऱ्या माणसाचे एक लिटर आधीच धरून ठेवावे.

गुरुजींचा गुडघा ज्येष्ठात झाला. आता काठीशिवाय चालतात. पैलवानाने दिवाळीआधी दोन वेळा मामांच्या वाडीवर चक्कर मारली. दर खेपेला ट्रॅक्टरमागे कालव्याकाठच्या आपल्या विहिरीच्या पाण्याची टाकी होती. मामांनी पैसे घेतले नव्हते म्हणून, असे तो सांगतो. पाणी मामांनी घेतले. वाडीतल्या सर्वांना एकेक घागर वाटून मगच आपल्या रांजणात ओतले.